अजगराचं बिऱ्हाड

यंदाच्या अंकाचा विषय ‘घर’ आहे. माणसांच्या घरांवर लिहिणारे पुष्कळ भेटले असावेत, म्हणून संपादकांनी माझ्या वाट्याला सापाचं घर दिलं. साप पाळायची हौस असलेल्या तरुण वाचकांची पत्रं त्यांच्याकडे येतात. पहिलाच साप घ्यायचा तर अजगर घ्यावा का, कुठला घ्यावा, ठेवावा कुठे, असे त्यांतले प्रश्न. अजगर बिनविषारी, संथ, वर देखणा, म्हणून नवशिक्याला तोच बरा, असा बहुतेकांचा हिशेब असतो. तो कितपत जुळतो हे बघायचं तर अजगर स्वतःच्या मर्जीने कुठे राहतो ते आधी बघावं, म्हणून जानेवारीत गोंदिया जिल्ह्यातलं बोदलकसा गाठलं.

पाळीवरचं ऊन

तिरोडा मागे पडलं की काही वेळ धानाच्या रिकाम्या बांध्या सोबत करतात. मग टेकड्या जवळ येतात आणि साग, ऐन, धावडा, मोह, तेंदू सुरू होतो. टेकड्यांच्या मधली जागा मातीच्या धरणाने, म्हणजे पाळीने, अडवून १९१७ साली हा तलाव झाला. गोंदिया-भंडारा हा तलावांचाच मुलूख. कोहळी समाजाने पिढ्यान्‌पिढ्या बांधलेले माजी मालगुजारी तलाव, ज्यांना इथे सरळ मामा तलाव म्हणतात, ते गावागावात आहेत. बोदलकसा त्यांच्या मानाने मोठा आणि सरकारी. टेकड्यांपलीकडे नागझिरा. २०१३च्या डिसेंबरात नवेगाव आणि नागझिरा मिळून व्याघ्र प्रकल्प झाला, तेव्हापासून इकडे येणारा प्रत्येकजण वाघाचं विचारतो. पर्यटन महामंडळाच्या निवासात उतरायचं, पहाटे चोरखमाऱ्याच्या गेटवर गाडीत बसायचं, परत येऊन तलाव बघायचा, असा शिरस्ता. अजगराचं विचारणारा पाहुणा आमच्या वाटाड्याला नवा होता. ‘‘अजगर? तो त पाळीवरच असते,’’ तो म्हणाला, आणि गेटकडे न जाता उलट्या बाजूने चालू लागला.

थंडीत अजगर बघायचा तर पहाटे उठण्यात अर्थ नाही. नऊ-साडेनऊला ऊन तापलं की तो बाहेर येतो. आम्ही गेलो तेव्हा तलावापासून थोड्या अंतरावर, झुडपांच्या आडोशाला, सायाळीच्या बिळाच्या तोंडाशी तो पसरलेला होता. आठ-नऊ फूट असेल. अर्धं अंग उन्हात, शेपटाकडचा भाग बिळातच. वाटाड्याने पुढे जाऊ दिलं नाही. जमिनीची थरथर लागली की तो आत सरकतो, आणि मग तासभर तरी दिसत नाही. आम्ही लांब बसून राहिलो. ऊन सरकलं तसा तोही वीतभर सरकला. दुपारी ऊन अंगावर यायला लागलं तेव्हा पुढचं अंग सावलीत ओढून घेतलं. एवढीच काय ती हालचाल. वाघ बघायला आलेल्याला हे दृश्य विकता येणार नाही.

पण अजगराच्या घराची सगळी गोष्ट या वीतभर सरकण्यात आहे. तो स्वतःची उष्णता बनवत नाही, बाहेरून उचलतो. म्हणून त्याला एक जागा पुरत नाही. एकमेकींपासून जवळ, पण वेगवेगळ्या तापमानाच्या बऱ्याच जागा लागतात. तापलेला दगड हवा, गार बीळ हवं, ओल हवी, पाणी हवं, आणि एकीतून दुसरीत जाताना उघड्यावर पडायला लागू नये. राजस्थानातल्या भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात सुब्रमणियन भूपती यांनी अजगरांचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. तिथेही थंडीतले अजगर सायाळीच्या बिळांच्या आसऱ्याने राहतात आणि दिवसा तोंडाशी येऊन ऊन खातात. बीळ खणायचं काम अजगराला जमत नाही. सायाळ खणते, अजगर राहतो. अनेकदा दोघं एकाच बिळात असतात, शिवाय वटवाघळंही. सायाळीचे काटे बघता ही शेजारधर्माची गोष्ट आहे की धाकाची, ते सांगणं कठीण.

उन्हाळ्यात हाच प्राणी वेगळा होतो. दिवसा बिळात किंवा पाण्यात, फक्त नाकपुड्या वर. रात्री बाहेर. ओठांवरच्या खळग्यांना गरम रक्ताच्या प्राण्याची ऊब अंधारातही कळते. पाण्याला येणारं हरणाचं पाडस, ससा, घूस, काठावरची बदकं, जे गिळता येईल ते. विळख्याने हाडं मोडतात असं गावोगाव सांगतात, ते खरं नाही. श्वास कोंडून मरण येतं हेही पूर्ण खरं नाही. अमेरिकेत २०१५ साली अजगराच्या लांबच्या भावकीतल्या बोआ सापावर मोजमापं झाली, त्यात विळखा आवळल्यावर काही सेकंदांतच भक्ष्याचं रक्ताभिसरण कोसळतं असं दिसलं.

मार्च ते जूनच्या दरम्यान मादी अंडी घालते आणि त्यांच्याभोवती वेटोळं करून दोन महिने बसते. हवा गार झाली तर स्नायू थरथरवून अंग तापवते. सापांमध्ये असं करणारे फार थोडे. पिल्लं बाहेर येतात ती पावसाच्या तोंडाला, दीड-दोन फुटांची. त्यानंतर आई त्यांच्याकडे बघतही नाही.

जाळं, खुराडं आणि पुंजणं

बोदलकशाच्या आसपासच्या गावांत अजगर ही बातमी नाही. ढीवरांच्या जाळ्यात तो मासळीच्या मागे येऊन अडकतो. खुराड्यात शिरतो आणि कोंबडी गिळल्यावर पोट फुगल्यामुळे त्याच फटीतून बाहेर पडता येत नाही, म्हणून सकाळी सापडतो. धान कापून पुंजणं रचलं की त्याखाली उंदीर येतात आणि उंदरांमागे तो. ज्यांच्या दोन कोंबड्या गेल्या होत्या त्या बाईंना राग नव्हता. ‘‘कोंबड्या गेल्या त गेल्या भाऊ, पण घुशी किती खाते तो! त्याले मारून का भेटते?’’

पूर्वी मारत. आता फोन करतात. फोन येतो सर्पमित्राला, आणि ही महाराष्ट्राने घडवलेली खास जमात आहे. पुण्याच्या नीलिमकुमार खैरे यांनी १९८० साली विषारी सापांच्या सहवासात बहात्तर तास काढून दाखवले आणि पुढे कात्रजला सर्पोद्यान उभं राहिलं, त्या काळापासून गावोगावची पोरं साप मारण्याऐवजी धरून सोडायला लागली. तिरोडा भागातल्या अशाच एका तरुणाबरोबर मी बराच वेळ होतो. त्याच्या मोटरसायकलला आकडा, कापडी पिशव्या आणि एक नोंदवही कायम असते. साप धरला की वनरक्षकाला कळवायचं, नोंद करायची, आणि पकडला त्याच्याच जवळपासच्या जंगलात सोडायचं.

‘‘मला घरी ठेवायला एक अजगर द्या, असं कुणी म्हणतं का?’’ मी विचारलं.

तो हसला. ‘‘महिन्यातून दोघं तरी. कॉलेजची पोरं. मी म्हणतो, आधी घोणस न् अजगर ओळखून दाखव.’’

हे गमतीचं नाही. घोणसीची पिल्लं आणि अजगराची पिल्लं एकाच सुमाराला, पावसाळ्याच्या तोंडावर बाहेर पडतात. दोन्ही जाडसर, दोन्ही तपकिरी, दोन्ही अंगावर मोठे ठिपके. अजगराचं पिल्लू समजून घोणस हातात घेणारे आणि मग दवाखान्यात पोहोचणारे महाराष्ट्रात दर पावसाळ्यात असतात. घोणसीच्या पाठीवर गडद कडांच्या लंबगोल ठिपक्यांच्या तीन ओळी साखळीसारख्या चालतात. अजगराचे ठिपके मोठे, वेडेवाकडे, कुठलाही दुसऱ्यासारखा नाही. त्याचे खवले गुळगुळीत, चकचकीत, घोणसीचे खरखरीत. अजगराच्या डोक्यावर बाणाच्या पात्याची खूण असते. आणि घोणस डिवचली की कुकरच्या शिट्टीसारखी फुत्कारते, थांबतच नाही. तिचं विष रक्ताची गोठण्याची क्रिया बिघडवतं आणि मूत्रपिंडं निकामी करू शकतं. पुण्याचे अशोक कॅप्टन आणि रोम्युलस व्हिटेकर यांनी २००४ साली भारतातल्या सापांची जी मार्गदर्शिका काढली, तिच्यातली या दोन सापांची चित्रं शेजारी ठेवून बघावीत. तरीही ओळखीची खात्री नसणाऱ्याने कुठलंच पिल्लू उचलू नये, हे उत्तम.

कागद

इथला अजगर पाळायचा प्रश्न कायद्याने केव्हाच निकालात काढला आहे. भारतीय अजगर वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची १ मध्ये आहे, म्हणजे वाघाच्या पंक्तीला. या कायद्यात ‘शिकार’ या शब्दात नुसतं पकडणंही येतं. शिक्षा तीन ते सात वर्षं कैद आणि २०२२च्या दुरुस्तीनंतर किमान २५,००० रुपये दंड. अंगणात सापडला, अंडी घरच्या मागे होती, पिल्लू जखमी होतं, यातलं काहीही मालकी देत नाही. वन्य प्राणी सरकारचा. सर्पमित्रालाही तो घरी ठेवता येत नाही.

मग हौशी लोक कुठला अजगर पाळतात? बहुतेक करून बॉल पायथन. पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला, तीन ते पाच फुटांचा, घाबरला की डोकं मध्ये घेऊन चेंडूसारखा गुंडाळणारा. आपल्या अजगरासारखाच तोही दुसऱ्यांच्या बिळांत आणि वारुळांत राहतो. बेनिनमधल्या विदा शहरात त्याचं देऊळ आहे आणि तिथे तो पूज्य आहे. त्याच किनाऱ्यावरच्या बेनिन, टोगो, घानामधून तो लाखोंनी परदेशी बाजारात गेला, ही त्याच्या नशिबाची दुसरी बाजू.

हा साप परदेशी, म्हणून भारतात तो बराच काळ कायद्याच्या फटीत राहिला. केंद्र सरकारने जून २०२०मध्ये अशा प्राण्यांची स्वेच्छेने माहिती देण्याची सोय केली. नंतर कायद्याला नवी अनुसूची ४ जोडली गेली, १ एप्रिल २०२३ला दुरुस्ती लागू झाली, आणि फेब्रुवारी २०२४च्या नियमांनी नोंदणी सक्तीची झाली. बॉल पायथनसकट सगळे अजगर आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण असलेल्या प्राण्यांच्या यादीत येतात. त्यामुळे असा साप ताब्यात आला की तीस दिवसांत ‘परिवेश’ या सरकारी संकेतस्थळावरून मुख्य वन्यजीव रक्षकांकडे नोंद करावी लागते. पिल्लं झाली, साप मेला, दुसऱ्याला दिला, तेही कळवायचं.

बाजार मात्र नियमाच्या पुढे धावतो. डिसेंबर २०२३मध्ये मुंबई विमानतळावर बँकॉकहून आलेल्या प्रवाशाकडे बिस्किटं आणि केकच्या पुड्यांत दडवलेले नऊ बॉल पायथन आणि दोन कॉर्न स्नेक सापडले. विमानतळावर न सापडलेल्या पुड्या कुठे जातात? दुकानात, तिथून फोनवरच्या जाहिरातीत, तिथून कॉलेजच्या पोराच्या खोलीत. विक्रेता कागद दाखवत नसेल तर साप कितीही गोंडस असो, तिथून उठावं.

पेटी

समजा, कागद चोख आहेत. मग निवड कशी करायची?

पैदास केंद्रात जन्मलेलाच घ्यायचा. रानातून धरून आणलेल्याच्या अंगावर गोचिड्या आणि आत जंत येतात, आणि तो बंदिवासात खायला तयार होत नाही. अगदी कोवळं पिल्लू नको. चार-सहा वेळा नीट खाल्लेलं आणि त्याची तारीखवार नोंद असलेलं घ्यावं, जमलं तर आपल्यासमोर खाताना बघावं. डोळे स्वच्छ हवेत. तोंडाशी फेस किंवा बुडबुडे नकोत, श्वासाचा आवाज नको, पाठीचा कणा वर आलेला नको. नराचा आकार मादीपेक्षा लहान राहतो, जागा कमी असेल तर नर बरा. रंगांच्या मोहात पडू नये. माणसांनी निवडीने तयार केलेल्या रंगजातींपैकी ‘स्पायडर’ ही जात दिसते सुरेख, पण त्या जनुकाबरोबर मेंदूचा दोष येतो. डोकं डुगडुगतं, भक्ष्यावरचा नेम चुकतो, काहींना पालथं झाल्यावर सरळही होता येत नाही. असा साप जाणूनबुजून पैदा करणं मला क्रूरपणा वाटतो, आणि विकत घेणं त्याला हातभार.

पेटी चार फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच. हे पूर्ण वाढलेल्यासाठी. काचेच्या माशांच्या टाकीत साप ठेवायची पद्धत आपल्याकडे आहे, ती वाईट. वरून उघडणाऱ्या टाकीत हात वरून येतो आणि सापाला वरून येणारी प्रत्येक गोष्ट शिकारी पक्षी वाटते. पुढून सरकणारं दार हवं, त्याला कुलूप हवं. अजगराच्या ताकदीचा अंदाज पहिल्यांदा येतो तो पेटी रिकामी सापडल्यावर.

आत एका टोकाला ऊब: लपायच्या जागेत ३१-३२ अंश. दुसऱ्या टोकाला २५ ते २७. दोन्ही टोकांना लपायला घट्ट, अंधारी जागा. एकच ठेवली तर साप ऊब आणि आडोसा यातलं एक सोडतो. बहुधा ऊब सोडतो आणि आजारी पडतो. तळाला नारळाच्या काथ्याचा भुसा, अंग बुडेल एवढं पाण्याचं भांडं, हवेत साठ टक्क्यांच्या आसपास ओल. कात टाकताना जास्त. नाहीतर कात एकसंध न निघता तुकड्यांत निघते आणि डोळ्यावरचा पापुद्रा तसाच राहतो. दिवा उघडा ठेवला तर साप त्याला वेटोळं घालतो आणि भाजतो. उष्णतेचं प्रत्येक साधन थर्मोस्टॅटवरच हवं.

परदेशी पुस्तकं इथे थांबतात, आणि विदर्भाची अडचण इथे सुरू होते. त्यांना पेटी तापवायची काळजी, आपल्याला मे महिन्यात ती गार ठेवायची. बाहेर ४५ अंश असताना बंद खोलीत पेटीचं गार टोक राहतच नाही. कूलर लावावा तर भारनियमन. बिळात शिरून खाली जायची सोय पेटीत नाही. आणि डिसेंबर-जानेवारीत हाच गोंदिया जिल्हा विदर्भात सगळ्यात गारठलेला असतो. एका रात्री वीज गेली की सापाच्या छातीत कफ. म्हणजे इन्व्हर्टर आणि वातानुकूलित खोली आलीच. शिवाय सापावर उपचार करू शकणारा पशुवैद्य किती अंतरावर आहे, हे साप घेण्याआधी शोधायचं असतं. तिरोड्याच्या पोराला त्यासाठी निदान नागपूर गाठावं लागणार.

खाणं हा घरच्यांचा प्रश्न होतो. पिल्लाला सात-दहा दिवसांनी, मोठ्याला दोन-चार आठवड्यांनी उंदीर. जाडी सापाच्या सगळ्यात जाड भागाएवढी. जिवंत देऊ नये, कारण भुकेला नसलेल्या सापाला उंदीरच कुरतडतो. मारून गोठवलेला, नीट वितळवून ऊबदार केलेला द्यावा. म्हणजे फ्रीजच्या वरच्या कप्प्यात उंदीर. श्रावण पाळणाऱ्या घरात हा कप्पा कोणाचा, यावर आधी तह झालेला बरा. आणि बॉल पायथन महिनोन्‌महिने न खाण्याबद्दल प्रसिद्ध आहे. नवशिका घाबरतो, रोज हातात घेतो, आणि ताणाने साप आणखी खात नाही.

खाल्ल्यावर दोन दिवस तर हात लावूच नये. सुस्त पडलेला अजगर म्हणून आपण ज्याची थट्टा करतो, तो तेव्हा आतून जोरात कामाला लागलेला असतो. बर्मी अजगरांवर झालेल्या संशोधनात, मोठं भक्ष्य गिळल्यावर दोन-तीन दिवसांत हृदयाचं वजन चाळीस टक्क्यांनी वाढल्याचं २००५ साली प्रसिद्ध झालं. पचन झालं की हृदय पुन्हा पहिल्याएवढं होतं.

आणि मग वर्षं. बॉल पायथन वीस-तीस वर्षं सहज जगतो. अमेरिकेत सेंट लुईस प्राणिसंग्रहालयातल्या एका मादीने २०२०च्या जुलैत सात अंडी घातली, तेव्हा तिचं वय साठच्या वर होतं आणि कित्येक वर्षांत नराशी तिची गाठ पडली नव्हती. विसाव्या वर्षी घेतलेला साप नोकरीत, लग्नात, बदलीत, भाड्याच्या घरात बरोबर येणार. अजगर आहे म्हटल्यावर कुठला घरमालक जागा देतो?

‘आमट्यांनी पाळले की’

विदर्भात हा विषय निघाला की कुणीतरी हेमलकशाचं नाव काढतंच. प्रकाश आमटे गळ्यात अजगर घेऊन बसलेत, शेजारी बिबट्या आहे, ही छायाचित्रं सगळ्यांनी पाहिलेली. त्यांना चालतं, मग आम्हाला का नाही?

१९७३ साली हेमलकशाला, भामरागडच्या जंगलात, आमट्यांचा लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला. माडिया शिकारी पोटासाठी शिकार करत. मारलेल्या माकडिणीला बिलगलेलं जिवंत पिल्लू आमट्यांनी धान्य देऊन मागून घेतलं, आणि पुढे लोक मारण्याऐवजी पिल्लं त्यांच्याकडे आणून देऊ लागले. ते प्राण्यांचं अनाथालय होतं, हौस नव्हती. आज ते केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाच्या मान्यतेखाली चालतं, आणि तिथले प्राणी विकत आणलेले नाहीत. या उदाहरणातून घ्यायचं तर एवढंच, की प्राण्याला दुसरी जागा उरलेली नसेल तेव्हा माणसाने त्याला घर द्यावं. बोदलकशाच्या अजगराला दुसरी जागा आहे.

परतीची वाट

नकोसा झालेला अजगर बाहेर सोडला की काय होतं ते अमेरिकेतल्या फ्लॉरिडात दिसतं. तिथल्या दलदलीत हौशी लोकांनी सोडून दिलेले आणि वादळात पैदास केंद्रं फुटून सुटलेले बर्मी अजगर आता हजारोंनी आहेत. तिथले ससे, रॅकून, ओपॉसम जवळजवळ संपले. २०१२ साली अमेरिकेने बर्मी अजगराची आयात बंद केली आणि त्याच यादीत आपला भारतीय अजगरही घातला. त्याच दलदलीत २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सहा अजगरांना रेडिओ बसवून २१ ते ३६ किलोमीटर लांब सोडलं. त्यांपैकी पाच अजगर काही महिन्यांच्या प्रवासानंतर मूळ जागेच्या पाच किलोमीटरच्या आत परतले. सापाला घर असतं, आणि त्याची दिशाही त्याला कळते.

तिरोड्याच्या सर्पमित्राला मी हे सांगितलं. त्याला नवल वाटलं नाही. एका खुराड्यातून धरलेला, शेपटीला जुनी जखम असलेला अजगर लांब सोडल्यावर पुढच्या पावसाळ्यात त्याच वस्तीवर पुन्हा सापडला, असं त्याने सांगितलं. तेव्हापासून तो लांब सोडत नाही. गावकरी कुरकुरतात, ‘‘आमच्याच जवळ कायले सोडता?’’ त्यावर त्याचं उत्तर, खुराड्याची फट बुजवा. ती बुजवायला तो स्वतः जाळी घेऊन जातो.

माझं मत विचाराल तर पहिला पाळीव साप म्हणून अजगर घेऊ नये. दुसराही घेऊ नये, जोवर उन्हाळ्यातली वीज, फ्रीजचा कप्पा आणि पुढची तीस वर्षं यांची तजवीज झालेली नाही. अजगराची आवड असलेल्याने थंडीत बोदलकशाला जावं, स्थानिक वाटाड्या घ्यावा, बिळापासून लांब बसावं. ज्यांच्या घरी परदेशी अजगर आधीच आहे आणि नोंद झालेली नाही, त्यांनी आता वनविभागाशी बोलावं. कंटाळा आला म्हणून तो तलावाकाठी सोडू नये. तिथल्या अजगरांना त्याचे रोग नकोत आणि त्याला तिथली थंडी झेपणार नाही. घरात, शेतात किंवा जाळ्यात अजगर सापडला तर त्याला हात न लावता महाराष्ट्र वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. तो क्रमांक चोवीस तास चालू असतो आणि त्याला पैसे पडत नाहीत.